नानांची दुनळी

बंदूक बाळगणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात : उडवणारे आणि पुसणारे. उडवणाऱ्यांची नावं पेपरात येतात. पुसणारे आपापल्या ओसरीवर पोतं अंथरून बसलेले असतात. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही, आणि खरं तर तेच बरं. आमचे नाना अस्सल पुसणाऱ्यांतले. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत रविवारी सकाळी डेअरीला दूध घालून झालं की नानांच्या ओसरीवरून ‘खट्’ असा आवाज येतो. मग थोडी शांतता. मग पुन्हा ‘खट्’. नवीन माणूस दचकतो. गावातला माणूस तंबाखू मळता मळता म्हणतो, “साडेनऊ झाले वाटतं.”

नाना नात्यानं माझे मामा, आईचे चुलतभाऊ. पण पाव्हण्यारावळ्यांपासून पोराटोरांपर्यंत अख्खं गाव त्यांना नानाच म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. वय सत्तरीला टेकलेलं. धोतर जाऊन पायजमा आला त्यालाही जमाना झाला, डोक्यावरची पांढरी टोपी मात्र कायम. शेतात कापूस, तूर, थोडा ऊस आणि मोसंबीची बाग. मूळचे अबोल. पाऊस, भाव, राजकारण यांवर विचारलं तर ‘बघू’ एवढ्यावर भागवतात. एकाच विषयावर भरभरून बोलतात, आणि तो विषय आतल्या खोलीत लोखंडी कपाटात कुलपाखाली उभा असतो.

बंदूक दुनळी आहे, बारा बोरची. शेजारी शेजारी दोन नळ्या आणि बाहेरून दिसणारे दोन घोडे. नळ्यांच्या खाली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे बारीक शिक्के आहेत, त्यात एक मुकुटाचा. तिकडे १८१३ पासून प्रत्येक बंदुकीची नळी जास्त दारूचा बार काढून तपासायची आणि टिकली तरच शिक्का मारायचा, अशी पद्धत आहे. हे नानांना कुणीतरी सांगितल्यापासून ते तो शिक्का पाहुण्याला भिंगातून दाखवतात आणि विचारतात, “दोनशे वर्सांपूर्वी इतकी तपासणी. आन् आपल्याकडं बियाणं?”

ही बंदूक घरात कशी आली याच्या कथा तीन. ऐकणारा मास्तर किंवा साहेब असेल तर नाना जहागिरीची कथा सांगतात : १९४९ साली हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या खालसा झाल्या, एका जहागीरदारानं घरातलं सामान काढलं, आणि आज्यानं बैलजोडी देऊन ही घेतली. ऐकणारा म्हातारा असेल तर छावणीची कथा : जालन्याला इंग्रजांची छावणी होती, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उठली, तेव्हा कुण्या गोऱ्या साहेबानं जाताना पणजोबाला बक्षीस दिली. तिसरी कथा फक्त मामी सांगतात, नाना रानात गेल्यावर : “पत्त्यात जिंकली होती.” सगळ्यांत जुना परवाना उर्दूत आहे, निजामी राजवटीपासून चालत आलेली कारभाराची भाषा ती. तो कागद नानांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. त्यावरून कुठलीही कथा खरी ठरवता येते, कारण तो वाचणारं माणूस आता घरात कुणी उरलेलं नाही.

रविवारच्या कार्यक्रमाला क्रम आहे. आधी हात धुणं. मग पोतं. पोत्यावर जुन्या धोतराची धुऊन वाळवलेली फडकी, लहानमोठी लावून. मग शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, दात घासायचा जुना ब्रश, नळीत फिरवायचा गज, घड्याळजीचं भिंग आणि ब्रासोचा डबा. बंदुकीत पितळ नावालाही नाही, पण डबा असतो. एवढं मांडून झाल्यावर नाना कपाट उघडतात आणि बंदूक उघडी करूनच, मोडून हातावर घेऊन बाहेर येतात. तोंड भिंतीकडे. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे आधी स्वतः बघतात, मग ओसरीवर जो असेल त्याला दाखवतात; पोस्टमन असेल तर पोस्टमनला. “रिकामी असली तरी भरलेलीच समजायची,” हे वाक्य ते दर रविवारी म्हणतात, आणि कुणी मान डोलावली नाही तर परत म्हणतात. काडतुसं वेगळ्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली मामींच्या कमरेला. खडकीच्या कारखान्याची ही काडतुसं किती वर्षांची आहेत ते कुणी विचारत नाही. घरात न पुसलेला तेवढाच एक जिन्नस.

मग ते नळी आभाळाकडे धरून आपल्याला बघायला लावतात.

“दिसलं का?”

“काय?”

“कायच नाही दिसलं पायजे. निस्तं आभाळ.”

यानंतर मुख्य भाग. नाना बंदूक उघडतात आणि मिटतात. खट्. बोट वर करून म्हणतात, “ऐक.” पुन्हा उघडतात, तेलाचा एक थेंब सुईच्या टोकानं बिजागरीला देतात, फडकं फिरवतात, मिटतात. खट्. “आता ऐक.” मी शपथेवर सांगतो, दोन्ही आवाजांत तसूभर फरक नसतो. पण नाना भुवया वर करून वाट बघत असतात. त्यांच्या ओसरीवर या प्रश्नाला चालणारी उत्तरं ठरलेली आहेत. ‘फरक पडला’ हे साधं उत्तर, ते दूधवाल्याचं. ‘मागच्या खेपेपेक्षा मऊ वाटतो’ हे जाणकाराचं. गावात नव्यानं आलेल्या एका शिक्षकांनी एकदा ‘आधी कोरडा होता, आता ओला आहे’ असं उत्तर दिलं. त्यांना त्या वर्षी दोन पोती मोसंबी घरपोच गेली.

“लोण्यावानी चालली पायजे,” हे नानांचं ध्येयवाक्य. कोणतीही हलणारी वस्तू अडखळली, कुरकुरली, करकरली की त्यांच्या जिवाला लागतं. ती लोण्यासारखी चालेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. बंदूक कधी उडवायची वेळ आलीच तर ती कशी चालावी यासाठी चाळीसेक वर्षं चाललेली ही तयारी आहे. उडवायची वेळ मात्र अजून आलेली नाही.

येणार होती एकदा. मक्यात रानडुकरं शिरली. अंधारी रात्र, पोरगा बांधावरून ओरडतोय, “नाना, बंदूक आणा, बंदूक!” नाना आत गेले, कपाट उघडलं आणि दारात रिकाम्या हातानं येऊन उभे राहिले. “आजच तेल दिलंय. धूळ बसंल.” पोरानं कपाळाला हात लावला, पत्र्याचा डबा घेतला आणि बडवत बडवत डुकरं हाकलली. सकाळी नानांनी त्याला कायदा समजावून सांगितला : १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याची परवानगी असल्याशिवाय डुकरावर काय की रोह्यावर काय, बार टाकता येत नाही. कायदा बरोबरच होता. पण रात्री दारात उभं राहून जे कारण दिलं होतं ते तेलाचं होतं, ही गोष्ट मामी आजही विसरू देत नाहीत.

एकदा मी नानांना सांगितलं, अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. कितीतरी लोक नानांसारखेच, आपली बंदूक मऊ चालावी म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती खोलून घासत बसतात. मला वाटलं, नाना हरखतील. सातासमुद्रापार आपली जात निघाली म्हणून. ते बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, “जेवायच्या टेबलावर? काहून, त्यायला ओसरी नाही का?”

ही आवड बंदुकीपुरती राहिली असती तर घरच्यांनी ती सोसली असती. पण बंदूक आठवड्यातून एकदाच, आणि हाताला खाज सातही दिवस. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या नानांनी इतक्या तेलवल्या आहेत की दार उघडल्याचं कुणाला कळत नाही. मामी चुलीपाशी बसलेल्या असतात आणि एकदम मागे माणूस उभा. कितीदा दूध उतू गेलंय. मामींचं शिलाई मशीन त्यांनी खोलून, घासून, तेल देऊन असं केलं की पाय नुसता टेकवला तरी ते पळतं. त्या वर्षी शिवलेल्या ब्लाऊजच्या बाह्या मामी कुणाला दाखवत नाहीत. फवारणीचा पंप, खाटेचे बिजागर, कडबाकुट्टीचं चाक, देवघरातल्या घंटेची कडी, सगळं नानांच्या हाताखालून गेलंय. घंटा आता वाजत नाही, नुसती हलते.

पण खरी गाजलेली गोष्ट संडासाच्या कडीची. कडी जाम व्हायची, हे खरं. नानांनी ती काढली, पॉलिश पेपरनं अख्खी दुपार घासली, भोकाच्या कडाही घासल्या, तेल दिलं, परत बसवली. बोटानं ढकलली की सरकायची. वारा आला तरी सरकायची. दुसऱ्याच दिवशी मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील, भारदस्त माणूस, फेटा काढून ठेवून आत गेले, आणि अंगणात सुपारी खात बसलेल्या मंडळींसमोर दार आपोआप, अजिबात आवाज न करता उघडलं. बिजागऱ्याही नानांनीच केल्या होत्या. लग्न जमलं, कारण मंडळी समजूतदार होती. पण आजही जावई सासुरवाडीला आला की लोटा घेऊन रानाकडे जातो.

त्यानंतर फाटकाचा खटका. तोही लोण्यासारखा केला. रात्री वाऱ्यानं फाटक उघडलं आणि शेजारच्या शेळ्यांनी मोसंबीची नवी कलमं शेंड्यापर्यंत साफ केली. नाना सकाळी बागेत उभे राहून कलमांकडे न बघता फाटकाकडे बघत होते. म्हणाले, “चाललं मात्र सुंदर.”

खंडेनवमीला घरात शस्त्रांची पूजा. कोयता, कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ, पाना-पक्कड आणि मध्ये पाटावर दुनळी. इथं दरवर्षी नाना-मामींचं भांडण ठरलेलं. मामींच्या हातात हळदकुंकवाची वाटी, नानांच्या हातात फडकं. मामी बोट पुढे करतात, नाना हात आडवा घालतात. “हळदीला पाणी असतं. गंज धरतो.” “देवाला गंज धरत नाही!” “देव बर्मिंगहॅमचा नाही.” शेवटी तोडगा निघालाय : बंदुकीवर आधी कागद ठेवायचा आणि हळदकुंकू कागदाला. अंबडच्या मत्स्योदरी देवीला जाऊन आल्यावर मामी तो कागद मोसंबीच्या बुंध्याशी पुरतात. नाना म्हणतात, त्या झाडाला गंज नाही धरला.

निवडणूक आली की नानांच्या आयुष्यात वादळ येतं. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची छाननी होते आणि ज्यांना आदेश येईल त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. नानांचं या बाबतीत दोन्हीकडून मरण. आदेश आला तर बंदूक जाणार. आदेश नाही आला तर अपमान. “म्हंजे मह्यापासून काय धोकाच नाही, असं म्हनतात का हे?” एकदा असा आदेश यायला उशीर झाला तेव्हा ते स्वतःच चौकशीला गेले होते. २०२४ साली तर एप्रिल महिन्यात लोकसभेचं मतदान आणि नोव्हेंबरात विधानसभेचं. एका वर्षात दोनदा विरह. बंदूक जमा करायला नेताना ती मामींच्या लग्नातल्या शालूत गुंडाळतात. ठाण्यातल्या हवालदाराला सूचना देतात : आडवी ठेवू नका, दुसऱ्या बंदुकीला टेकवू नका, खिडकीखाली नको, ओल येते. हवालदार जुना आहे. तो प्रत्येक सूचना पोलिसी तपास चालल्यागत गंभीर चेहऱ्यानं वहीत लिहून घेतो. वही कोरी असते, असं मामींचं म्हणणं. परत आणल्यावर त्या रविवारी नाना दुपारी दोनपर्यंत पोत्यावरून उठत नाहीत. “परके हात लागलेत हिला.”

परवान्याचीही तीच तऱ्हा. पूर्वी दर तीन वर्षांनी नूतनीकरण असायचं. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं मुदत पाच वर्षांची केली. सगळ्या परवानाधारकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नाना हळहळले. नूतनीकरणाच्या निमित्तानं बंदूक जालन्याला नेऊन चार माणसांना ‘ऐक’ म्हणता यायचं, त्यात दोन वर्षांची खोट आली.

गावावर खरं वादळ आलं ते २०२३ साली. २९ ऑगस्टला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि तोवर अंबड तालुक्याबाहेर फारसं कुणाला माहीत नसलेलं गाव रातोरात महाराष्ट्राच्या तोंडी गेलं. त्या दिवसांत नानांनी जे केलं त्यावरून मला हा माणूस नव्यानं कळला. कपाटाला दुसरं कुलूप लागलं. रविवारचा ‘खट्’ बंद झाला. बंदुकीचं नाव घरात काढायचं नाही, अशी सक्त ताकीद. “लोकायची मनं तापलेली हायत. अशा वक्ताला घरात बंदूक हाय हे बोलूसुद्धा नये.” ओसरीवर पोत्याच्या जागी पाण्याचे रांजण आले. लांबलांबून आलेल्या माणसांना नाना पाणी देत होते, मामी भाकरी थापत होत्या.

पण हात स्वस्थ कसे बसणार? गावात वाहिन्यांच्या गाड्या मुक्कामाला. एका पोराच्या कॅमेऱ्याची तिवई वळवताना करकरायची. नानांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पोरगं चहाला गेलेलं बघून त्यांनी तिला तेल दिलं आणि सांध्यावर फडकं मारलं. तासाभरानं थेट प्रक्षेपण सुरू झालं. बातमीदार तावातावानं बोलत होता आणि कॅमेरा हळूहळू, अतिशय मुलायमपणे खाली झुकत बातमीदाराचे बूट दाखवू लागला. १४ सप्टेंबरला सतराव्या दिवशी उपोषण सुटलं. वाहिन्या पांगल्या. तो पोरगा जाताना नानांच्या पाया पडला आणि म्हणाला, “नाना, आता हिला परत जाम कशी करायची तेवढं सांगा.” नानांना ते सांगता आलं नाही. जाम करणं हा त्यांचा प्रांतच नव्हता.

माणसांच्या बाबतीतही त्यांचं तेच. बांधावरून भावकीत भांडण लागलं की नाना तेलाची बाटली न घेता पण त्याच चेहऱ्यानं हजर. “मिटवा. कुरकुर नको. घासून काढा एकदाचं.” इतकं मिटवायला जातात की दोन्हीकडची माणसं आपलं भांडण बाजूला ठेवून नानांवर उलटतात. त्या अर्थानं भांडण मिटतं, हेही खरं.

२०२४ च्या १ ऑगस्टला कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवलं. गावात पोरं नाचली. रेल्वेत नोकरी करणारं आपलं पोरगं ऑलिंपिकच्या मंचावर उभं राहिलं म्हणून नानांचेही डोळे भरले. मोबाईलवर ते दृश्य त्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं. मी म्हटलं, काय एकाग्रता आहे नाही? नाना म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे. तो बोल्ट बघ, बोल्ट. मागं, पुढं. मागं, पुढं. हाय का कुठं अडखळ?” नेम त्यांनी बघितलाच नव्हता.

आणि त्याच बोल्टनं पुढचं सगळं घडवलं. नानांच्या डोक्यात शिरलं की आपल्या दुनळीचा चाप जड आहे. बाहेरून कितीही तेल द्या, आतलं यंत्र अजून खरखरीतच असणार. नुसतं उघडून, आतल्या खाचा पॉलिश पेपरनं एकदा घासल्या की झालं. सुदैवानं नानांचा कायद्यावर विश्वास मोठा आणि मामींचा नानांवर कमी. मामी म्हणाल्या, “त्या संडासाच्या कडीचं आठवतं ना? आधी विचारून या.” म्हणून परवाना, ओळखपत्र आणि शालूत गुंडाळलेली बंदूक घेऊन नाना छत्रपती संभाजीनगरला एका परवानाधारक कारागिराकडे गेले. बरोबर मी.

कारागीर नानांच्याच वयाचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत होते. त्यांनी बंदूक घेतली, मोडली, नळीतून आभाळ बघितलं, मिटवली. खट्. डोळे मिटून आवाज ऐकला. मग म्हणाले, “किती साफ ठेवलीये!” नानांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज आलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. धीर आला तसं नानांनी खिशातून घडी घातलेला पॉलिश पेपर काढला आणि आपला बेत सांगितला.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. हात पुढे करून तो पेपर घेतला, आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावला.

“नानासाहेब,” ते म्हणाले, “बंदुकीत दोन तऱ्हेच्या जागा असतात. एक चालायची, एक अडायची. चालायची जागा साफ ठेवा, तेल द्या, तुमचा हात चांगला आहे. पण अडायच्या जागेला बोट लावायचं नाही. घोडा मागं ओढला की तो आत एका खाचेच्या कडेवर थांबतो. एवढीशी कड. त्या कडेवर सगळी बंदूक उभी आहे. ती गुळगुळीत केली की घोडा तिथं थांबणारच नाही. बंदूक जरा खाली टेकवली, धक्का लागला, की सुटली. चापाला हात लावायचीही गरज नाही.” मग त्यांनी दुसरंही सांगितलं. या जुन्या बंदुकांच्या आतल्या भागांची वरची साल मुद्दाम कडक केलेली असते आणि आत लोखंड मऊ. साल घासून टाकली तर आज मऊ चालेल, आणि पुढे झिजत झिजत कधी दगा देईल ते सांगता येत नाही. “विलायतेत हे भाग जुळवताना कारागीर दिव्याची काजळी लावायचे. जिथं काजळी पुसली जाईल तिथंच कानस, तीही केसाएवढी. दोन भाग जुळवण्यात दिवस घालवायचे. आणि तुम्ही आणलाय हा दहा रुपयांचा कागद! शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानं बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. पुसा हवं तितकं. आत हात घालाल तर आधी जिवाला धोका, वाचलात तर केस.”

चाप त्यांनी तपासला. हवा तेवढाच होता, जड नव्हता. पैसे घेतले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा हळूच मला म्हणाले, “असे गिऱ्हाईक सगळे असते तर माझं दुकान बंद पडलं असतं, पण झोप चांगली लागली असती.”

एसटीत नाना अंबडपर्यंत बोलले नाहीत. अंबडच्या स्टँडवर चहा घेताना एकदम म्हणाले, “म्हंजे ती कडी...” आणि पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं.

त्या दिवसापासून नानांच्या बोलण्यात नवीन सूत्र आलंय, आणि ते त्यांनीच शोधून काढल्याच्या थाटात सांगतात : “अडायचं तिथं अडलंच पायजे.” संडासाला नवीन कडी आणली, ती जाम होते, नाना तिला हात लावत नाहीत. फाटकाला खिळा ठोकलाय. भावकीचं बांधाचं भांडण लागलं तर आता ओट्यावर बसून ऐकतात आणि म्हणतात, “भांडू दे थोडं. बांध तिथंच ऱ्हायला पायजे.” गेल्या पावसाळ्यात ते भांडण नाना न बोलता मिटलं. मामी म्हणतात, उस्तादाला एकदा जेवायला बोलवा.

आता प्रश्न एकच. परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली की तो वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करू शकतो, अशी नियमांत सोय आहे. नानांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, मला नको ती कटकट, जमा करून टाका. नाना त्या रात्री जेवले नाहीत. पण रविवारी पोत्यावर बसले तेव्हा नात समोर येऊन बसली, नववीत आहे. तिनं नळीतून आभाळ बघितलं. नानांनी बंदूक मिटवली. “ऐक,” म्हणाले. तेल दिलं, परत मिटवली. “आता?”

नात म्हणाली, “काहीच फरक नाही नाना.”

ओसरीवरचे सगळे श्वास रोखून बसले. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “बरोबर,” म्हणाले. “मलाबी कधी कळला नाही.” परवाना एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. तोवर बंदूक नानांच्याच नावावर राहणार, आणि काडतुसांची किल्ली मामींच्या कमरेला.

वाचकहो, असे एखादे नाना तुमच्याही घरात असतील. त्यांच्यापाशी बंदूक असेलच असं नाही. स्कूटर असेल, हार्मोनियम असेल, जुना रेडिओ असेल. कदाचित ते नाना तुम्हीच असाल. त्यांना पोतं द्या, फडकी द्या, तेलाची बाटली संपू देऊ नका. ‘ऐक’ म्हणाले की हातातलं काम टाकून ऐका आणि फरक पडला म्हणा. खरं सांगायला नातवंडं आहेत. बंदूक असेल तर पुसण्यापलीकडचं प्रत्येक काम परवानाधारक कारागिराकडेच न्या. आणि काही झालं तरी त्यांना संडासाच्या कडीला हात लावू देऊ नका.